नाबादच राहिलेले आकडे
आकड्यांमागचे क्रिकेट : लेखांक ७

ऑक्टोबर २०१६. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा रणजी सामना. दुसऱ्या दिवशी चहापानाला महाराष्ट्राने डाव घोषित केला तेव्हा धावफलकावर २ बाद ६३५ होते. कर्णधार स्वप्नील गुगळे नाबाद ३५१ आणि दुसऱ्या टोकाला छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा, अंकित बावणे नाबाद २५८. दोघे एकत्र आले तेव्हा ४१ धावांत दोन गडी गेले होते. पुढच्या ५९४ धावांत दिल्लीला तिसरा बळी काही मिळाला नाही.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याहून मोठी भागीदारी तोवर एकच झाली होती. २००६ च्या जुलैत कोलंबोला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडल्या होत्या. म्हणजे गुगळे-बावणे यांना बरोबरीसाठी ३० आणि विक्रमासाठी ३१ धावा हव्या होत्या. दोघेही इतके जमलेले होते की चहानंतर फार वेळ लागला नसता. विश्वविक्रम एवढा जवळ आला आहे याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असे गुगळेने नंतर सांगितले.

आज मोबाइलवर क्षणाक्षणाचा धावफलक दिसतो, त्यामुळे हे खरे वाटत नाही. पण रणजी सामन्यातल्या रिकाम्या स्टँडसमोर दीड दिवस खेळणाऱ्या फलंदाजाच्या डोक्यात कोलंबोचा आकडा असेलच असे नाही. त्याच्या डोक्यात गुण असतात. त्या हंगामात साखळी सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला तीन गुण मिळत आणि दुसऱ्याला एक. सामना चार दिवसांचा, त्यातले जवळपास दोन दिवस महाराष्ट्राने खाल्ले होते. आता दिल्लीचे दहा गडी बाद करायचे, तेही वानखेडेच्या पाट्यावर.

दिल्लीच्या उत्तरात ऋषभ पंत नावाच्या एकोणीस वर्षांच्या यष्टिरक्षकाने ३०८ धावा झोडल्या आणि दिल्लीचा डाव ५९० वर संपला. महाराष्ट्राची आघाडी अवघी ४५ धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि तीन गुण महाराष्ट्राला मिळाले. गुगळेने आणखी तासभर फलंदाजी केली असती तर विक्रम मिळाला असता, पण दिल्लीला बाद करायला वेळ पुरला असता का, याची खात्री कोणी दिली नसती. या लेखमालेच्या मते गुगळेचा निर्णय बरोबर होता. हळहळ वाटते ती वेगळी.

त्या दिवशी एक विक्रम मात्र मोडलाच, आणि तोही एका मराठी माणसाचा. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याला होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या होत्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याची धावसंख्या ७८४ झाली आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. या जोडीने ज्यांना मागे टाकले ते वेस्ट इंडीजचे फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट. त्यांची ५७४ ची भागीदारीही नाबादच थांबलेली होती. ५७७ चा आकडा जगात जवळपास साठ वर्षे आणि रणजी स्पर्धेत सत्तर वर्षे टिकला. चौथ्या गड्यासाठी तो आजही सर्वोच्च आहे.

हजारे मूळचे सांगलीचे. बडोद्याच्या नोकरीत जाण्याआधी ते महाराष्ट्राकडून खेळत. १९३९-४० मध्ये पुण्यात याच बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम श्रेणीतले ते पहिले त्रिशतक. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी रणजी करंडक जिंकला. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राला तो मिळालेला नाही.

चाळीसच्या दशकात एवढे डोंगर का उभे राहत होते, हे समजून घ्यायला हवे. रणजी स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. सामना निकाली निघाला नाही तर पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरे. खेळपट्ट्या पाटा. मग डाव घोषित करायचा कशासाठी? प्रतिस्पर्ध्याला आशाच उरू नये इतक्या धावा करायच्या, एवढाच हिशेब. १९४०-४१ मध्ये पुण्यात मुंबईने ६५० धावा केल्या, तर महाराष्ट्राने ६७५ करून आघाडी घेतली आणि सामना खिशात टाकला. त्यात देवधरांच्या २४६ होत्या, वय एकोणपन्नासाच्या घरात असताना.

याच काळातली एक खेळी अशी आहे की तिच्यापुढे वानखेडेची हळहळ किरकोळ वाटावी. १६ ते १८ डिसेंबर १९४८, पुणे क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा संघ २३८ धावांत बाद झाला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर मैदानात उतरले आणि आठ तासांहून अधिक काळ खेळत राहिले. ४९ चौकार, एक षटकार. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावा जोडल्या. भांडारकरांच्या त्यात २०५. दुसऱ्या गड्यासाठीचा हा विश्वविक्रम १९७४ पर्यंत टिकला.

तिसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. डॉन ब्रॅडमनने १९३० मध्ये सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२ धावा हा तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. नऊ धावा केल्या की बरोबरी, दहाव्या धावेला विक्रम. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. विश्वविक्रम आपल्या संघाविरुद्ध झाला अशी नोंद इतिहासात राहावी, हे त्यांना मान्य नव्हते. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी महाराष्ट्राच्या कर्णधाराला बजावले. महाराष्ट्राने खेळ चालू ठेवायचे ठरवले, आणि काठियावाडचा संघ सामना सोडून खरोखरच निघून गेला. निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला, पण समोर गोलंदाजी करायला कोणी उरले नव्हते.

ठाकोरसाहेबांची गंमत अशी, की ज्या नोंदीला ते भ्याले त्याहून वाईट नोंद त्यांच्या नावावर लागली. विक्रम झाला असता तर आज त्यांच्या संघाचे नाव कुणाला आठवले असते? क्वीन्सलँडच्या कर्णधाराचे नाव किती जणांना सांगता येईल?

भाऊसाहेबांचे दुर्दैव इथेच संपत नाही. त्या दिवसांत वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली आणि कलकत्त्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू झाली. ४४३ धावांची खेळी नेमकी या दोन कसोटींच्या मधली. निवड समितीपुढे याहून ताजा आणि मोठा दाखला कुणी ठेवू शकला नसता. महाराष्ट्राचा सलामीवीर मधुसूदन रेगे त्याच मालिकेत मद्रासला कसोटी खेळला. निंबाळकरांना त्या मालिकेतही नाही आणि नंतरही कधी कसोटी मिळाली नाही. रणजी स्पर्धेत त्यांची सरासरी पन्नासच्या पुढे होती, बडोदा, होळकर, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले, तरीही नाही. ब्रॅडमनने आपल्याला पत्र पाठवून तुमची खेळी माझ्या खेळीहून सरस आहे असे कळवल्याचे ते सांगत. भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला तो २००२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

पुण्यात ४४३ ची ती खेळी चालू होती तेव्हा बावणेचे औरंगाबाद महाराष्ट्राच्या क्रिकेट-नकाशावर नव्हतेच. शहर हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थान मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्यामुळे या शहरातल्या खेळाडूंची नावे महाराष्ट्राच्या धावफलकावर येऊ लागली ती बऱ्याच उशिरा. त्यात आधी नाव घ्यायचे ते वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकीचे. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध तो एकच कसोटी खेळला, आणि त्याच कसोटीत बीडच्या संजय बांगरनेही पदार्पण केले. मराठवाड्याचे दोन खेळाडू एकाच दिवशी कसोटीपटू! सिद्दीकीची कामगिरी विक्रमांच्या पुस्तकात वेगळ्याच कारणाने शोभून दिसते. भारताला विजयासाठी पाच धावा हव्या होत्या, तेव्हा या गोलंदाजाला सलामीला पाठवले गेले आणि पाचही धावा त्यानेच काढल्या. पहिल्या डावात २४, दुसऱ्यात नाबाद ५. म्हणून त्याची कसोटी सरासरी कायमची २९.

बावणे त्याच्या पुढच्या पिढीचा. २००७-०८ च्या हंगामात, पंधराव्या वर्षी, तो महाराष्ट्राकडून खेळू लागला. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला त्या संघात तो होता. कर्नाटकाने तो सामना जिंकला. ५९४ च्या भागीदारीत मथळे अर्थातच गुगळेच्या त्रिशतकाला मिळाले. पण दीड दिवस दुसरे टोक धरून २५८ करणारा जोडीदार नसता तर त्रिशतकाचे काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रणजीतला हा विक्रम आठ वर्षे टिकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला अरुणाचल प्रदेशविरुद्ध गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी तिसऱ्याच गड्यासाठी ६०६ धावा जोडल्या. कवठणकर नाबाद ३१४, बखले नाबाद ३००, गोवा २ बाद ७२७ घोषित. पुन्हा नाबाद, आणि ६२४ पुन्हा अठरा धावांनी दूर! १९८८-८९ मध्ये पणजीला तामिळनाडूने याच गोव्याविरुद्ध ६ बाद ९१२ धावा केल्या होत्या, आणि त्यातही दोन त्रिशतके होती. गोव्याने ते उसने छत्तीस वर्षांनी फेडले, फक्त दुसऱ्याच सावकाराला. अरुणाचलचे डाव ८४ आणि ९२ धावांत आटोपले. सामना प्लेट गटातला, म्हणजे खालच्या फळीतल्या संघांचा, होता.

इथे विक्रमांच्या यादीचा दोष उघडा पडतो. यादीत ६०६ हे ५९४ च्या वर छापले जातात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण एका बाजूला दिल्लीचा संघ, ज्याने उत्तरात ५९० केल्या. दुसऱ्या बाजूला दोन्ही डाव मिळून १७६ करणारा संघ. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते. मुलाची चिकाटी खरीच. हजार धावा काढताना हातपाय दुखतातच. पण त्याच्यावर लगेच दुसऱ्या तेंडुलकराचे ओझे लादणाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांचा धावफलकही वाचायला हवा होता.

राहिली ४४३ ची गोष्ट. ब्रॅडमनच्या पुढे १९५९ मध्ये हनीफ महंमद ४९९ वर धावबाद झाला आणि १९९४ मध्ये ब्रायन लारा नाबाद ५०१ पर्यंत गेला. त्यामुळे त्या दहा धावा मिळाल्या असत्या तरी निंबाळकरांचा विश्वविक्रम दहाएक वर्षांतच मोडला असता. भारतात मात्र त्यांच्या जवळ कोणी फिरकलेले नाही. संजय मांजरेकर ३७७ वर थांबला, पृथ्वी शॉ जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला ३७९ वर. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चारशेचा टप्पा ओलांडणारा भारतीय आजही एकच आहे.

पुढच्या आठवड्यात : मार्च १९४९, पुन्हा पुणे. मुंबई आणि महाराष्ट्र यांचा सात दिवस चाललेला उपांत्य सामना, २३७६ धावा आणि नऊ शतके.