ग्रीनलंड मोठं की भारत?

तास सुरू झाला तरी पहिली पाच मिनिटं मागच्या बाकावरच्या गप्पांचीच असतात. ती पटकावण्यासाठी शिक्षकांनी आजवर काय काय युक्त्या केल्या, ऐका.

१६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये कोमेनियस या चेक गुरुजींचं ‘ऑर्बिस पिक्टस’ निघालं. मुलांच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचं हे मूळपुरुष. सुरुवातीलाच मुळाक्षरं आणि बहुतेक अक्षरांशेजारी एक ओरडणारा प्राणी. लॅटिन शिकवायचं, आणि श्रीगणेशा कावळ्याच्या ओरडण्यानं! एवढी हिंमत आजच्या किती पुस्तकांत आहे?

पुढे १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवली. तुकडे जुळवता जुळवता भूगोल पाठ. आज सुट्टीत घराघरांत पसरलेलं जिगसॉ कोडं ते हेच.

भूगोलाचे शिक्षक तसेही नशीबवान. त्यांच्या भिंतीवर आयतंच कोडं टांगलेलं असतं. मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा दाखवून फक्त विचारायचं, ‘ग्रीनलंड मोठं की भारत?’ बघता बघता वर्ग ग्रीनलंडच्या बाजूनं. खरा हिशेब असा: ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारत सुमारे ३२.९ लाख. आफ्रिका तर ग्रीनलंडच्या जवळपास १४ पट! नकाशाकार मर्केटरनं १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी केला. त्यांना दिशा बिनचूक हवी होती, म्हणून ध्रुवांकडची जमीन ताणली गेली. ‘असं का?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला, की नकाशा-प्रक्षेपणाचा रुक्ष धडा आपोआप सुरू.

आता एक फुगा फोडू. ‘मेंदू मजकुरापेक्षा चित्र ६० हजार पट वेगानं समजून घेतो’ हे वाक्य शिक्षक-प्रशिक्षणाच्या स्लाइडवर हमखास दिसतं. त्यामागे कुठलंही धड संशोधन नाही. खरी गोष्ट त्याहून मजेदार आहे. १९७३ मध्ये लायनेल स्टँडिंग या मानसशास्त्रज्ञानं लोकांना १० हजार चित्रं दाखवली. त्यातली सुमारे ८३ टक्के त्यांना नंतर ओळखता आली. पण १९७९ मध्ये निकरसन आणि अ‍ॅडम्स यांनी अमेरिकनांना त्यांचंच एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं, तर भल्याभल्यांची भंबेरी उडाली. रोज खिशात असलेली वस्तू कुणी नीट पाहिलेलीच नव्हती!

म्हणूनच नुसतं रंगीत चित्र भिंतीवर फेकलं की झालं, यावर माझा विश्वास नाही. सजावटीची चित्रं उलट लक्ष खातात. चित्रानं डिवचलं पाहिजे. खर्च शून्य असलेला एक प्रयोग सांगतो: बहुभुजाकृतींच्या तासाला सांगा, ‘वीस रुपयांचं नाणं न बघता काढा.’ निम्म्या वह्या गोलांनी भरतील. मग नाणं दाखवा आणि बाजू मोजायला लावा. बारा!

आणि पाठ्यपुस्तकांतला तो काळापांढरा चौकोन? क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकांवर आणला. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.