सॉफ्टवेअरचे लायसन्स : कंपनीने मोजण्याआधी आपण मोजावे

भिवंडी, मालेगाव किंवा सुरतेहून गाठ आली की आपण प्रथम थान मोजतो, बिलाशी ताडून पाहतो आणि मगच सही करतो. पण आपल्याच दुकानातील कॉम्प्युटरमध्ये कोणते सॉफ्टवेअर आहे, त्याचे लायसन्स किती माणसांसाठी आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे, असे विचारले तर फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "ते बसवणाऱ्या मुलाला माहीत." १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि सारा हिशेब-किताब कॉम्प्युटरवर गेला. १ ऑगस्ट २०२३ पासून तर पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावे बिल काढताना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. ज्या वस्तूवर आज सारा धंदा उभा आहे, तिच्या कागदांबाबत बेफिकीर राहणे परवडणारे नाही. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हा विषय थोडा खोलात जाऊन मांडतो.

आपण नेमके काय विकत घेतो?

कापड विकत घेतले की ते आपले झाले. फाडा, शिवा, रंगवा, कोणी विचारणार नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. तेथे पैसे देऊन फक्त वापरण्याची इजाजत मिळते, आणि तीही ठरलेल्या शर्तींवर : किती कॉम्प्युटरवर, किती माणसांनी, कोणत्या कामासाठी. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी सॉफ्टवेअरच्या आयकरासंबंधीच्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. ग्राहकाला प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही. दुकान भाड्याने घेतल्यासारखेच हे आहे. करार एका गाळ्याचा असेल तर शेजारच्या रिकाम्या गाळ्यात माल भरता येत नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ब आले आणि १० मे १९९५ पासून ते अमलात आले. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कैद, तसेच किमान ५० हजार व कमाल दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात आहे. याच कलमात एक सवलतही आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय योग्य कारण नोंदवून कैद माफ करू शकते. म्हणजे घरी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला जी सवलत मिळू शकते, ती दुकानदाराला मिळत नाही. बेकायदा वापर कंपनीत झाला तर कारभार पाहणाऱ्या जबाबदार माणसांवरही गुन्हा येतो. मात्र ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याने ती नष्ट होण्याच्या भीतीने जपणुकीची प्रत काढून ठेवली तर हा कायदाच त्याला परवानगी देतो. बॅकअपला कोणी घाबरू नये.

दुकानातले सॉफ्टवेअर

टॅलीचेच उदाहरण घेऊ. ही कंपनी १९८६ साली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी सुरू केली. श्यामसुंदर गोयंका यांचा धंदा गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा होता. आपल्या हिशेबाला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते मुलाकडून तयार करून घेतले. कापडाच्या धंद्याशी नाते असलेल्या घरातून निघालेले हे साधन आज गावोगावच्या दुकानांत आहे.

त्याचे 'सिल्व्हर' लायसन्स एका कॉम्प्युटरसाठी असते, तर 'गोल्ड' एकाच जागेतील जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरसाठी. दुकानात तीन काउंटर आणि लायसन्स सिल्व्हर, हा प्रकार सर्रास दिसतो. दुसरी गोष्ट नोंदणीच्या ईमेलची. माझ्या दुकानात बसवणाऱ्याने लायसन्स स्वतःच्याच ईमेलवर नोंदवून ठेवले होते. तो शहर सोडून गेला आणि कॉम्प्युटर बदलण्याची वेळ आली, तेव्हा पैसे माझे, पण चावी दुसऱ्याच्या खिशात, अशी अवस्था झाली. म्हणून ईमेल मालकाचा स्वतःचाच हवा. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यावरील लायसन्स 'सरेंडर' करून घ्यावे.

पडद्यामागचा डेटाबेस

बिलाचे सॉफ्टवेअर हा काउंटर असेल तर डेटाबेस हे त्यामागचे गोदाम होय. ग्राहक, माल, उधारी या साऱ्यांच्या नोंदी तेथे असतात. काउंटरचे लायसन्स घेतले म्हणजे गोदामाचे आपोआप मिळतेच असे नाही. बिलाची अनेक सॉफ्टवेअरे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतात. त्याची 'एक्सप्रेस' आवृत्ती मोफत आहे व धंद्यात वापरता येते. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिची मर्यादा एका डेटाबेसला १० जीबी होती, आणि लहान दुकानाला तेवढी पुरते. 'डेव्हलपर' आवृत्तीही मोफत आहे, पण ती सॉफ्टवेअर बनवण्यासाठी व तपासण्यासाठी. रोजच्या धंद्यासाठी नव्हे. 'इव्हॅल्युएशन' आवृत्ती १८० दिवसांनी संपते. यांपैकी आपल्याकडे कोणती बसवली आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

धंदा वाढून 'स्टँडर्ड' आवृत्ती घ्यावी लागली तर एक मार्ग असा : सर्व्हरचे एक लायसन्स आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येकासाठी एक प्रवेश-परवाना. हा परवाना माणसागणिक घेता येतो किंवा यंत्रागणिक. कारखान्यात एकाच कॉम्प्युटरवर तीन पाळ्यांत तीन कामगार नोंद करीत असतील तर यंत्रागणिक एकच पुरतो. उलट एकटा मालक दुकानातून, घरून व मोबाइलवरून पाहत असेल तर माणसागणिक घेणे स्वस्त पडते. निवड चुकली तर नाहक तिप्पट खर्च होतो.

मोठ्या डेटाबेसचे गणित

मोठ्या कारखान्यांत व बँकांत ओरॅकलचा डेटाबेस आढळतो. आपली मुले वाळूज-चिकलठाण्यात अशा ठिकाणी नोकरीला आहेत आणि काही बांधवांचे स्वतःचे उद्योगही त्या पातळीला पोचले आहेत. म्हणून हे गणित समजून घ्यावे.

समजा, सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर आहेत व प्रत्येकात आठ कोअर आहेत. एकूण कोअर झाले १६. इंटेल किंवा एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरला कंपनी ०.५ ने गुणते, म्हणजे ८ प्रोसेसर-लायसन्स लागतील. माणसागणिक घ्यायचे म्हटले तर 'एंटरप्राइज' आवृत्तीला प्रत्येक प्रोसेसरमागे किमान २५ माणसे धरावी लागतात : ८ गुणिले २५, म्हणजे २००. कारखान्यात डेटाबेस वापरणारे फक्त ३० असले तरी लायसन्स २०० चेच. ३० घेऊन निश्चिंत बसलेला मालक ऑडिटमध्ये १७० ने कमी भरतो. त्याशिवाय घेतलेल्या लायसन्सच्या किमतीवर दरवर्षी साधारण २२ टक्के देखभाल-शुल्क असते, ते वेगळेच.

आणखी एक खाच आहे. या डेटाबेससोबत काही जादा सोयी आपोआप येतात. त्यांना कुलूप नसते, पण किंमत असते. एखाद्या कर्मचाऱ्याने काम हळू का चालते हे पाहण्यासाठी त्यातील तपासणीची सोय उघडली, की त्याची नोंद डेटाबेसमध्येच राहते, आणि ऑडिट करणारा सर्वप्रथम तीच नोंद वाचतो.

मधल्या दाराने वापर

ब्रिटनमधील डिआजिओ ही कंपनी एसएपीचे सॉफ्टवेअर वापरत होती. तिने आपल्या विक्रेत्यांसाठी व ग्राहकांसाठी दुसऱ्या कंपनीच्या साधनावर दोन ॲप तयार केली आणि ती एसएपीला जोडली. एसएपीचे म्हणणे पडले की हे सारे लोक आमचेच सॉफ्टवेअर वापरतात, त्यांचे लायसन्स कोठे आहे? मागणी ५ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने जबाबदारीच्या मुद्द्यावर एसएपीच्या बाजूने निर्णय दिला. रक्कम ठरवणे पुढे ठेवले. मायक्रोसॉफ्टचा नियमही असाच आहे : मध्ये दुसरे सॉफ्टवेअर ठेवल्याने माणसांची मोजणी कमी होत नाही. ऑनलाइन ऑर्डर घेणारे ॲप आपल्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरला जोडण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारावा.

आधीची तयारी

उधारीची वही असते तशी लायसन्सची एक वही ठेवावी. त्यात पुढील बाबी असाव्यात.

१) प्रत्येक कॉम्प्युटर व सर्व्हर, त्यातील प्रोसेसर व कोअरची संख्या.
२) त्यावरील प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती व लायसन्स क्रमांक.
३) वापरणाऱ्यांची यादी. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव त्याच दिवशी बंद करावे.
४) खरेदीचे बिल, करार व नोंदणीचा ईमेल. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. लायसन्सचे कागद मात्र सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत ठेवावेत.

पक्के बिल घेण्यात फायदाही आहे. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नियमित करदात्याला त्याची वजावट मिळते. चोरीच्या प्रतीचे बिल नसते, त्यामुळे वजावटही नाही आणि पुरावाही नाही. वर्षातून एकदा, स्टॉकची मोजणी करतो त्याच दिवशी, ही वही प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. कोठे जास्त निघाले तर पत्र येण्यापूर्वीच लायसन्स घ्यावे किंवा वापर बंद करावा. पोस्टग्रेसक्यूएलसारखे डेटाबेस लायसन्स-शुल्काशिवाय धंद्यात वापरता येतात. नवे सॉफ्टवेअर करून घेताना त्यांचाही विचार करावा.

पत्र आलेच तर

प्रथम पत्र खरे आहे का ते पाहावे. कंपनीच्या नावाने फोन करून कॉम्प्युटरचा ताबा मागणारे ठगही असतात. फोनवर ताबा किंवा पासवर्ड कोणालाही देऊ नये. कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः चौकशी करावी.

पत्र खरे असेल तर करार काढून ऑडिटचे कलम वाचावे. ओरॅकलच्या नेहमीच्या करारात ४५ दिवसांची लेखी सूचना आणि निघालेली रक्कम भरण्यास ३० दिवस, अशी तरतूद असते. ही मुदत आपल्याच तयारीसाठी आहे. उत्तर एकाच माणसाने द्यावे, आणि लेखीच द्यावे. विचारले तेवढे व खरे तेवढेच सांगावे. पत्र आल्यावर घाईने काही पुसून टाकू नये. नोंदी मागे राहतात, आणि साधी त्रुटी लबाडी ठरते. कंपनीचा हिशेब आला की तो अंतिम समजून लगेच सही करू नये. कोअरची संख्या, बंद पडलेली यंत्रे, सोडून गेलेले कर्मचारी, जुनी बिले हे सर्व ताडून पाहावे. हिशेब त्यांचाही चुकू शकतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. तडजोडीत नवे लायसन्स घ्यावे लागले तर मागील बाब मिटल्याचे लेखी घ्यावे.

या सर्व कामाला बहुतेक दुकानांत एक दुपार पुरेल. वही व पेन घेऊन पहिल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी. ज्याच्याकडे स्वतःची मोजणी तयार आहे, त्याला दुसऱ्याच्या मोजणीची भीती नसते.