काचेच्या घरात कोण कोणाशी नांदेल

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात माशाआधी पाणी निवडावे लागते. जगभरच्या महासागरांत एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. जेद्दापाशी तांबड्या समुद्रात हा आकडा ३९-४० पर्यंत चढतो. या समुद्राला एकही मोठी बारमाही नदी मिळत नाही, पाऊस नावापुरता पडतो आणि ऊन बाराही महिने पाणी उडवत राहते. जेद्दातल्या दुकानांत मात्र एकाच रांगेत दोन मुलखांचे मासे असतात: काही याच किनाऱ्यावरचे, काही इंडोनेशिया-फिलिपिन्सकडून विमानाने आलेले. एकाला ४० ची सवय, दुसऱ्याला ३५ ची. सापेक्ष घनता मोजणाऱ्या साधनावर हा फरक साधारण १.०३० आणि १.०२६ असा दिसतो.

हा फरक सगळे प्राणी सारखा सोसत नाहीत. समुद्री माशाच्या रक्तातले क्षार भोवतालच्या पाण्याच्या जेमतेम तृतीयांश असतात. तो सतत समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे थोडाफार बदल पचवतो. तारामासा, सी अर्चिन आणि समुद्रकाकडी यांच्याकडे अशी सोय नाही. बाहेरचे पाणी खारट झाले की आतलेही होते. ३५ च्या पाण्यातला तारामासा ४० च्या टँकमध्ये थेट सोडला तर पहिल्या दिवशी धडधाकट दिसतो, आणि काही दिवसांत त्याचे हात गळू लागतात. सगळी वस्ती तांबड्या समुद्राची असेल तर ३८ ते ४० ठेवणे सोयीचे. दोन्ही मुलखांचे प्राणी एकत्र ठेवायचे असतील तर ३५-३६ बरे, कारण माशाला खारटपणा चढवून घेण्यापेक्षा उतरवून घेणे सोपे जाते.

या किनाऱ्यावरच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी पेटर फोर्सकोल या निसर्गतज्ज्ञाची. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर तो १७६२ च्या अखेरीस जेद्दात उतरला, आणि १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये हिवतापाने गेला. मोहिमेतला एकटा वाचलेला कार्स्टन नीबुर पुढे मुंबईला आला, त्याने घारापुरीची लेणी मोजली, आणि युरोपात परतल्यावर १७७५ मध्ये फोर्सकोलची टिपणे छापली. फोर्सकोलने कोळ्यांच्या तोंडची अरबी नावे उचलली आणि ती शास्त्रीय नावांत टिकली. ‘सोहल’ हा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सर्जनफिश आणि ‘अस्फुर’ हा पिवळा पट्टा मिरवणारा एंजलफिश हे दोघेही त्यातलेच. घरच्या टँकसाठी हे दोघेही सहसा टाळायचे. दोघे साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, आणि सोहल तर खडकाच्या कडेचा पट्टा स्वतःचा मानून येणाऱ्या-जाणाऱ्याला हुसकावतो.

निवडीची पहिली कसोटी तोंडाची. मत्स्यन्याय हा शब्द राज्यशास्त्रात अलंकारिक असेल, टँकमध्ये तो शब्दशः लागू होतो: तोंडात मावेल तो घास. लायनफिश दिवसभर खडकाच्या छताखाली लटकून राहतो आणि रात्रीतून छोटे मासे-कोळंबी गिळतो. त्याला मोठ्या माशांबरोबर ठेवता येते, लहानांबरोबर नाही. तांबड्या समुद्रातला पिकासो ट्रिगरफिश दातांनी कवच फोडतो. त्याच्या टँकमध्ये खेकडे, गोगलगायी, सी अर्चिन म्हणजे शिधा. बटरफ्लायफिशमध्ये तर खाण्याची चव आयुष्य ठरवते. मुखवट्यासारखा निळसर डाग असलेला पिवळाधमक ‘सेमिलार्व्हाटस’ गोठवलेले अन्न घ्यायला शिकतो, पण प्रवाळांनाही टोचा मारतो. ‘ऑस्ट्रिअ‍ॅकस’ जवळपास फक्त जिवंत प्रवाळच खातो, आणि घरात भरल्या टँकमध्येही उपाशी मरतो. दुकानात दोन्ही शेजारी पोहत असले तरी त्यांची किंमत पाहून हा फरक कळत नाही. विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगितले की कळतो.

दुसरी कसोटी वाढीची. क्लाउन कोरिस हा रॅस लहानपणी पांढरा, पाठीवर दोन नारिंगी टिळे, बोटाएवढा. पूर्ण वाढलेला नर मीटरभर होऊ शकतो आणि वाळूतले दगड नाकाने उलथतो. दुकानात दिसणारा मासा बहुधा पिल्लू असतो, म्हणून लांबी पुस्तकातली धरायची, काचेतली नाही. पोहण्याची ढबही मोजावी लागते: गोबी एका बिळापाशी आयुष्य काढतो, तर जांभळा टँग हा सर्जनफिश दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारतो. टँगला पाण्याच्या खोलीपेक्षा टँकची लांबी हवी.

तिसरी कसोटी जागेची. माशांतली भांडणे बहुतेक भाऊबंदकीची असतात: जमिनीवरून, आणि सख्ख्यांशी. आकार, रंग आणि खाणे जितके जवळचे तितके वैर मोठे. पिवळ्या शेपटीचा जांभळा टँग आणि त्याच वंशातला पडदेवाला सेलफिन टँग एका खडकावरचे शेवाळ खातात, म्हणून एकमेकांना पाहताच अंगाला अंग लावून शेपटीच्या बुंध्याचे नश्तर उघडतात. त्याच टँगला गोबीशी काही घेणे नसते. डॅसिलस हे टिपक्यांचे डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून अनेक जण टँक सुरू करताना तेच आधी सोडतात; महिन्याभरात ते सारे खडक आपसात वाटून घेतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळतात.

चौथी कसोटी लिंगाची. मुलांना सिनेमातला नीमो हवा असतो. ती जात तांबड्या समुद्राची नाही. इथला क्लाउनफिश दोन पांढऱ्या पट्ट्यांचा, साधारण १४ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा आणि नीमोपेक्षा तापट. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक लहान घेतला तर बहुधा जोडी जमते, दोन मोठे घेतले तर दोन माद्या एकमेकींना फाडतात. नारिंगी अँथियसमध्ये उलटे: सगळ्या माद्या, आणि नर गेला की सर्वांत जोरकस मादी नर होते. त्यामुळे एक नर आणि तीन-चार माद्या असा गट घ्यायचा. अँथियसला दिवसातून दोन-तीन वेळा खायला लागते, ही अटही त्याच्याबरोबरच घरी येते.

अपृष्ठवंशी प्राण्यांची निवड करताना माशांच्या औषधांचाही विचार करावा लागतो. माशांना येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे क्षार हा जुना इलाज आहे, आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना तेच विष आहे. एकदा घातलेले तांबे खडकात शोषले जाते आणि मागाहून झिरपत राहते. म्हणून कोळंबी किंवा प्रवाळ असलेल्या टँकमध्ये मासा थेट सोडत नाहीत. तो आधी उघड्या, खडकांविना टँकमध्ये चार आठवडे वेगळा राहतो आणि उपचार तिथेच होतात. रोग मुख्य टँकमध्ये शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून तो सुमारे अडीच महिने मासेविरहित ठेवावा लागतो. रोग आणणाऱ्या परजीवीला यजमान मिळत नाही आणि तो संपतो. कोळंबी या काळात आत सुखाने राहते.

माशांना आणि कोळंबीला एकत्र नांदताना पाहायचे तर स्टाइनिट्झ गोबी आणि पिस्तूल कोळंबी. हा गोबी आपल्या खाडीतल्या निवट्यांचा दूरचा भाऊबंद. कोळंबीला डोळे असतात पण फारसे दिसत नाही. ती बीळ खणते. पुढच्या चिमट्यांनी वाळूचा ढीग ढकलत ती तोंडापर्यंत येते, ढीग बाहेर टाकते, आणि या सगळ्या वेळात तिची एक मिशी गोबीच्या शेपटीवर टेकलेली असते. गोबी दाराशी बसून पाहतो. सावली पडली की तो शेपूट थरथरवतो, कोळंबी मागे सरते. धोका मोठा असेल तर गोबी डोके खाली घालून स्वतःच आत घुसतो. या जोडीला आठ-दहा सेंटिमीटर वाळू लागते, तीही बारीक-जाड मिसळलेली. नुसत्या बारीक वाळूचे छत कोसळते. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट टँकच्या तळावर ठेवायचे, नाहीतर खाली पोकळ झालेला दगड कोळंबीवरच बसतो. आणि वर जाळी हवी, कारण घाबरलेला गोबी उडी मारतो.

सफाईसाठी गोगलगायी आणि हर्मिट क्रॅब घेतात, आणि तेही आपसात भांडतात. शंखात राहणारा खेकडा वाढला की नवा शंख शोधतो. रिकामा सापडला नाही तर गोगलगायीला मारून तिचा घेतो. म्हणून मूठभर मोकळे शंख वाळूवर टाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. टर्बो गोगलगाय उलटी पडली तर बहुधा उलटीच मरते, ट्रोकस स्वतः सुलटते. सफाई कोळंबी माशांच्या अंगावरचे परजीवी वेचते आणि मासे तिला सहसा खात नाहीत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी मात्र जोडीने किंवा एकटीच ठेवायची. समलिंगी दोघींपैकी एकच उरते. समुद्रकाकडी वाळू छान स्वच्छ करते, पण पंपाच्या तोंडात अडकली तर तिच्या अंगातले विष माशांना मारते. पंपाला जाळी नसलेल्या घराने तिच्या वाटेला जाऊ नये.

प्रवाळ एका जागी बसलेले असले तरी शांत नसतात. गॅलॅक्सिया हे प्रवाळ रात्री लांब काटेरी तंतू बाहेर सोडते आणि शेजाऱ्याला भाजते. त्याच्याभोवती वीतभर जागा रिकामी लागते. हाताची मूठ उघड-मीट करावी तसे स्पंदणारे झेनिया दिसायला मोहक, पण ते खडकावरून खडकावर पसरते, म्हणून त्याला सुटा दगड देतात. क्लॅम हा मोठा शिंपला अंगातल्या शेवाळावर जगतो आणि त्याला तीव्र प्रकाश लागतो. एंजलफिश त्याच्या रंगीत पदराचे लचके तोडतात, म्हणून दोघांपैकी एकच. सी ॲनिमोनी तर स्वतः जागा बदलते: खडकावर बसवली तरी रात्रीतून काचेवर किंवा पंपात. पाणी सहा महिने स्थिर राहिलेल्या टँकमध्येच ती आणतात.

हे सगळे धरून १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टँकसाठी एक क्रम असा बसतो. काचेत ४३२ लिटर मावतात, खडक-वाळू वजा जाता सुमारे ३५० लिटर. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात; अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की गोगलगायी आणि खेकडे. मग सफाई कोळंबी, आणि गोबी व त्याची कोळंबी. त्यानंतर फक्त तांबड्या समुद्रात सापडणारा, सहा-सात सेंटिमीटरचा जांभळा ऑर्किड डॉटीबॅक, एकच. मग अँथियसचा गट, मग क्लाउनफिशची जोडी. जांभळा टँग सर्वांत शेवटी. दोन प्रवेशांत दोन-तीन आठवडे. बुजरा आधी, दांडगा शेवटी: बुजऱ्याला कोनाडा मिळालेला असतो आणि दांडग्याला रिकामे साम्राज्य मिळत नाही.

प्रवेशाचा दिवस संथ असतो. पिशवीतले पाणी बादलीत, मासा त्यातच, आणि टँकमधून बारीक नळी. नळीला सैल गाठ मारली की सेकंदाला दोन-तीन थेंब पडतात. माशासाठी अर्धा तास पुरतो. कोळंबी आणि तारामाशासाठी खारटपणाचा फरक मोठा असेल तर दोन तासांहून जास्त. बादलीतले पाणी टँकमध्ये ओतत नाहीत. मग दिवे मालवून नवा मासा भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात टँकमध्येच दोन दिवस लटकवतात. जुने रहिवासी काचेला धडका देतात, शेपटीचे नश्तर दाखवतात, आणि हळूहळू कंटाळतात. दुसऱ्या दिवशीही एखादा डब्यासमोरून हलत नसेल तर नवा मासा परत नेणेच बरे.

निवडीवर शेवटचा दाब घराच्या दिनक्रमाचा पडतो. जेद्दात उन्हाळ्यात एसी बंद असलेली खोली ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि ३० च्या पुढे पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होत असताना प्राण्यांची भूक वाढलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंब गावी जाते तेव्हा शीतक, उडालेल्या पाण्याइतके गोडे पाणी भरणारे यंत्र आणि खायला घालणारा माणूस, तिन्ही लागतात. पाणी उडते, मीठ तसेच राहते. महिनाभर घर बंद राहणार असेल तर दिवसातून दोन-तीनदा खाणारे अँथियस यादीतून जातात, आणि शेवाळावर भागवणारे टिकतात.

किनाऱ्यावरून प्रवाळ तोडून आणणे सौदी कायद्यात बसत नाही. सुट्या शंखालाही जपून हात लावावा, कारण कोन जातीच्या गोगलगायीचा दंश जीवघेणा ठरू शकतो. बदलीनंतर टँक रिकामा करताना प्राणी समुद्रात सोडत नाहीत, दुसऱ्या मत्स्यालयाला किंवा दुकानाला देतात. इंडोनेशियाचा मासा इथे परका आहे, आणि दुकानातून तो रोगही बरोबर आणू शकतो. हिंदी-प्रशांत महासागरातले लायनफिश असेच पाळीव म्हणून अमेरिकेत गेले आणि आज अटलांटिकच्या प्रवाळांवर तिथली पिल्ले खात फिरतात.