तीन नावांची चिठ्ठी

पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे आम्ही लिहिले होते, ‘इतरांत मिसळत नाही. सामाजिक कौशल्य कमी.’ सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून ती आमच्या मराठी वर्गात आली होती. पालकसभेत ही नोंद वाचून तिची अम्मी म्हणाली, “सर, गल्लीतल्या पोरांची भांडणं हीच मिटवते. शेजारच्या चार लहानग्यांना रोज अभ्यासाला बसवते. मग कमी काय आहे?”

आम्ही निरुत्तर झालो. आम्ही तिचे कौशल्य मोजलेच नव्हते. मोजले होते ते तिचे मराठी.

गणिताचे गुण एका पेपरातून कळतात. ऐकून घेणे, मदत मागणे, नकार देणे, चूक कबूल करणे या गोष्टी मात्र जागा आणि माणसे बदलली की बदलतात. म्हणूनच 1990 मध्ये अमेरिकेत ग्रेशम आणि इलियट यांनी तयार केलेल्या श्रेणी-मापिकेत शिक्षक, पालक आणि खुद्द विद्यार्थी अशा तिघांची मते घेतली जातात. आम्ही एकाच बाजूने पाहून निकाल दिला होता.

मग बी.एड.ला शिकलेली समाजमिती आठवली. जेकब मोरेनो यांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात मांडलेली ही पद्धत साधी आहे. ‘गटकार्यात तुला कोणाबरोबर बसायला आवडेल?’ असे विचारून प्रत्येकाकडून तीन नावे चिठ्ठीवर घ्यायची आणि कोणाकडून कोणाकडे बाण जातो याचा आराखडा काढायचा. पथ्ये दोन. चिठ्ठ्या वर्गात उघड करायच्या नाहीत आणि ‘कोण आवडत नाही?’ हे कधीही विचारायचे नाही.

आम्ही चिठ्ठ्या उघडल्या. त्या मुलीचे नाव दोघींनी लिहिले होते. मात्र सर्वांना हसवणाऱ्या एका मुलाचे नाव एकाही चिठ्ठीवर नव्हते. त्याच्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाके बदलली. त्या मुलीला तिची निवड करणाऱ्या दोघींजवळ बसवले. त्या मुलाला त्याने लिहिलेल्या तिघांपैकी एकाबरोबर विज्ञानाच्या प्रकल्पात घेतले. नोंदी लिहिण्याची रीतही बदलली. ‘मिसळत नाही’ हा शेरा झाला. ‘प्रश्न समजला नाही तरी गटात विचारत नाही, शेजारणीला हळूच विचारते’ ही नोंद झाली. शेऱ्याने मूल खाली मान घालते. नोंदीवरून उद्या काय करायचे ते कळते.

पालकांना एक विनंती. प्रगतिपुस्तकावर नुसती सही करू नका. घरी पाहुणे आल्यावर, भावंडांशी भांडण झाल्यावर, दुकानात हिशेब चुकल्यावर मूल कसे वागते, ते दोन ओळींत लिहून पाठवा; उर्दूत लिहिले तरी चालेल. त्या अम्मीने सभेत तोंड उघडले नसते, तर आमची चुकीची नोंद तशीच राहिली असती.