मटकी कुणी भिजवायची?

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता असतो. त्यात सोमवारपुढे 'मोड आलेली मटकी' लिहिलेलं असलं, की एक साधा प्रश्न पडतो. ही मटकी कधी भिजवली, आणि कुणी? मटकी आठ-दहा तास भिजवावी लागते, मग उपसून फडक्यात बांधून निदान तेवढाच वेळ ठेवावी लागते. थंडीत मोड यायला त्याहून उशीर लागतो. म्हणजे सोमवारच्या उसळीची तयारी शनिवारी रात्री नाहीतर रविवारी सकाळी सुरू व्हायला हवी. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की खोलीला कुलूप लागतं. मग ती मटकी स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या घरी जाते, त्यांच्याच पातेल्यात भिजते, त्यांच्याच जुन्या सुती फडक्यात बांधली जाते आणि सोमवारी डोक्यावरून शाळेत येते. साठ मुलांची शाळा असेल तर माणशी 20 ग्रॅम या हिशेबाने कोरडी मटकी सव्वा किलोच्या आसपास. मोड आल्यावर तिचं चांगलं जड गाठोडं होतं. शासनाच्या कोणत्याही हिशेबात रविवारचं हे काम नाही. शाळेतल्या पौष्टिक आहाराचं धोरण आपल्याकडे कुठे अडतं ते या गाठोड्यापाशी दिसतं. पाककृती वाढवायला शासन तयार असतं. त्या रांधणाऱ्या हातांचे आणि पातेल्यात पडणाऱ्या जिनसांचे पैसे द्यायची वेळ आली, की हात आखडता घेतं.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाची ही योजना सरकारने सहज दिलेली नाही. 15 ऑगस्ट 1995 ला ती सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांनी शिजवण्याची जबाबदारी टाळून मुलांच्या हातात महिन्याला तीन किलो धान्य ठेवलं. ते धान्य घरच्या डब्यात पडायचं आणि घरातल्या सगळ्यांत वाटलं जायचं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात आदेश दिला, की मुलांना शाळेत शिजवलेलं जेवणच द्या, वर्षातले किमान 200 दिवस द्या. तिथून खिचडी आली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क झाला: पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. पुढे योजनेचं नाव बदललं, 2021 पासून ती पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. गावात मात्र अजून 'खिचडी'च म्हणतात.

आता या हक्काची रोजची किंमत पाहू. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. डाळ, भाजी, तेल, तिखट-मीठ आणि इंधन या सगळ्यासाठी प्राथमिकच्या एका मुलामागे मे 2025 पासून दर आहे 6 रुपये 78 पैसे. त्यात 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल बसायला हवं. साठ मुलांचे दिवसाचे चारशे सात रुपये होतात आणि त्यातून तीन किलो भाजी आणायची असते. टोमॅटो महागला की फोडणीतला टोमॅटो आधी जातो, मग कोथिंबीर जाते, मग भाजीच्या जागी बटाटा येतो. यात कुणी चोरी करत असतं असं नाही. 6 रुपये 78 पैशांत बाजारभाव बसत नाही, म्हणून पातेल्यातला रंग कमी होतो. सकाळी अकराच्या सुमारास जिरं-मोहरी तडतडते आणि हळदीचा वास वर्गापर्यंत पोचतो, तेव्हा पहिलीतल्या मुलांचं फळ्याकडे लक्ष राहत नाही. त्यांतली बरीच मुलं सकाळी नुसत्या चहावर आलेली असतात. त्यांच्या ताटात किती भाजी पडणार, हे मंत्रालयात ठरलेल्या पैशांवर ठरतं.

पैशांचा दुसरा आकडा मावशींचा. स्वयंपाकी तथा मदतनीस हे त्यांचं कागदावरचं नाव. केंद्राने 2009 मध्ये त्यांचं मानधन महिना 1000 रुपये ठरवलं, आणि त्या हजारातला केंद्राचा वाटा 600 रुपयांवरच थांबलेला आहे. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते आधी 1500 आणि 2023 मध्ये 2500 केलं. केंद्राच्या निकषात हे मानधन वर्षातले दहा महिने धरलेलं आहे. उन्हाळ्यात चूल बंद, पैसेही बंद. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 2500 म्हणजे दिवसाला 100 रुपये. ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली, तिथे 2025-26 मध्ये हमीच्या कामावर दिवसाला 312 रुपये मिळत होते. यावर उत्तर येतं की हे अर्धवेळ काम आहे, म्हणून मजुरी नाही, मानधन. तांदूळ निवडण्यापासून मोठी पातेली घासून पालथी घालण्यापर्यंतचे तास मोजले तर हे उत्तर टिकत नाही. त्यात रविवारची मटकी अजून धरलेलीच नाही. या कामावर विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असं न्यायालयानेच 2004 मध्ये सांगितलं होतं, आणि एका पंगतीत सगळ्यांनी त्यांच्या हातचं जेवावं हा त्यामागचा मोठा विचार होता. सन्मानासाठी दिलेलं काम 100 रुपये रोजावर ठेवलं, तर तो सन्मान अर्धाच राहतो.

जून 2024 मध्ये राज्याने जेवणाचा तक्ता बदलला. तांदळाचा एक पदार्थ, मोड आलेलं कडधान्य आणि खीर किंवा नाचणीसत्त्व यांसारखं गोड अशी तीन पदार्थांची पद्धत ठरली, 15 पाककृती सुचवल्या गेल्या. आहारशास्त्राच्या दृष्टीने यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. रोज तीच पिवळी खिचडी खाऊन मुलं कंटाळतात आणि ताटात टाकून देतात, ही तक्रार खरीच होती. मोडांनी कडधान्य पचायला सोपं होतं, नाचणीतून कॅल्शियम मिळतं. पण एका पातेल्याची तीन पातेली झाली तेव्हा चूल एकच होती, मावशी त्याच होत्या आणि 2500 चे 2500 च होते. नियमाप्रमाणे 26 ते 100 मुलांमागे दोघी. आजारपण, लग्नकार्य, पीककाढणी यांत एकटीवर वेळ येते तेव्हा तक्त्यातलं गोड आणि मोड आधी गळतात, आणि पुन्हा खिचडी होते. अधिकारी याला अंमलबजावणीतली ढिलाई म्हणतात. माझ्या मते तो न दिलेल्या पैशांचा थेट परिणाम आहे.

अंड्याच्या बाबतीत हे सगळ्यात स्पष्ट झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचं ठरवलं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. कायद्याने प्राथमिकच्या मुलाला दिवसाला जी 12 ग्रॅम द्यायची, त्यांतली निम्मी एका अंड्यात येतात. मोड आणायचे नाहीत, वाटण नाही, भेसळीची भीती नाही. उकडायचं आणि सोलायचं. सव्वा वर्षाच्या आत, जानेवारी 2025 मध्ये, राज्याने अंड्यांचा आणि खिरीच्या साखरेचा निधी थांबवला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले. हवे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावेत, असं ठरलं. एक अंडं बाजारात साधारण 6-7 रुपयांना पडतं. म्हणजे एका अंड्यात मुलाचे दिवसाचे 6 रुपये 78 पैसे संपतात, आणि वेगळा निधी नसेल तर अंडं ताटात येऊ शकत नाही हे कुणालाही कळावं.

अंड्यावर मुख्य आक्षेप भावनेचा आहे. काही घरांत अंडं चालत नाही, त्यांच्या मुलांसमोर ते उकडू नये, असं म्हटलं जातं. या भावनेचा मान राखण्यासाठीच केळं होतं. कुणाला बळजबरीने खायला घाला असं कुणी म्हणत नव्हतं. मात्र ज्यांच्या घरी अंडं चालतं पण परवडत नाही, त्यांच्या ताटातलं ते दुसऱ्याच्या सोवळ्यासाठी काढून घ्यावं, याला न्याय म्हणता येत नाही. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं अनेक वर्षं नियमित मिळतं, आणि तिथेही शाकाहारी घरं आहेतच. तिथे 1956 मध्ये कामराजांनी सुरू केलेलं दुपारचं जेवण 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी वाढवलं, करुणानिधींच्या काळात त्यात अंडं आलं, आणि 2022 मध्ये स्टॅलिन सरकारने सकाळची न्याहारीही सुरू केली. पक्ष बदलले, एकमेकांचे कट्टर वैरी सत्तेवर आले, तरी ताटातून काही कमी झालं नाही. हे त्यांना जमतं, आपल्याला का जमत नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारायला हवा.

लोकसहभागाची बाजू मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. वाढदिवसाला शाळेत स्नेहभोजन देणं, परसबागेत मेथी-पालक लावणं, शेवग्याचं झाड जगवणं यामुळे गाव शाळेच्या जवळ येतं. परसबागेतल्या शेवग्याच्या शेंगा वरणात पडतात तेव्हा चवही बदलते आणि मुलांना भाजी ओळखू येते. पण वरकड म्हणून जे गोड आहे ते मूळ आहाराची जागा घेऊ लागलं, की नुकसान नेमकं गरिबाचं होतं. चाकणसारख्या कारखानदारीच्या पट्ट्यात एखादी कंपनी वर्षाची अंडी देईलही. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, मोखाड्याची माणसं वीटभट्टीवर असतात, धडगावच्या पाड्यांत रोख पैसाच कमी. तिथे वर्गणी कुणी कुणाकडे मागायची? ज्या गावात अंड्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते वर्गणीवर सोपवायचं, याला पोषणाचं धोरण म्हणणं मला जड जातं.

शाळेत रांधण्याच्या या अडचणींवर आणखी एक उत्तर दिलं जातं: मोठी मध्यवर्ती स्वयंपाकघरं काढा, यंत्रांवर शिजवा, गाड्यांनी पोचवा. शहरात जागेअभावी हे करावं लागतं आणि स्वच्छतेचा मुद्दाही हलका नाही. जुलै 2013 मध्ये बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलातलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली, हे विसरता येणार नाही. पण त्यावरचा उपाय नियमांत आहेच: जेवण वाढण्याआधी शिक्षकाने आणि पालकाने चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची, तेल-धान्य कुलपात ठेवायचं. तीस-चाळीस किलोमीटरवरून डब्यांत आलेल्या भाताची चव घेऊन बिघाड कळला, तरी दुसरं जेवण येणार कुठून? गावच्या चुलीवर आया येता-जाता डोकावतात. त्यांच्याच ओळखीची बाई रांधत असते. ही देखरेख यंत्राने विकत मिळत नाही.

शिक्षकांची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. रोजची हजेरी भरा, शिल्लक तांदूळ लिहा, पोर्टलवर माहिती टाका, गॅस संपला तर पळा, बिलं येईपर्यंत खिशातून भाजी आणा, यात शिकवायचा वेळ जातो. म्हणून ही कामं काढून घ्या, त्यासाठी केंद्रशाळेच्या पातळीवर एक माणूस नेमा. जेवणच आवरतं घेणं हा त्यावरचा तोडगा नव्हे.

फुकट पडणारे उपाय मात्र झपाट्याने येतात. 2017 मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं हटवायला सांगितलं. 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत तेल, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकायला मनाई केली. 2025 मध्ये सीबीएसईने शाळांत 'शुगर बोर्ड', म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायचे आदेश दिले. हे चुकीचं नाही. लहान वयात साखरेचं व्यसन लागतं आणि मधुमेह घरोघरी आहे. पण ज्या मुलाला दुपारी दोन वाजता भूक लागते, ते 50 मीटर सहज चालतं आणि पाच रुपयांचं पाकीट घेतं. ताट भरलेलं असेल तर त्या फलकाचा थोडा उपयोग.

मुलं शाळेत जेवली की घरी त्यांना कमी वाढलं जातं, म्हणजे फायदा शून्य, अशीही एक शंका घेतली जाते. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या मुलांचा आहार तपासला तेव्हा तसं आढळलं नाही. शाळेत मिळालेलं अन्न मुलाच्या पोटात जास्तीचं जात होतं आणि प्रथिनांची रोजची तूट भरून निघत होती. 2021 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने आणखी पुढचं दाखवलं. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळालं, त्या आई झाल्यावर त्यांच्या बाळांची वयाच्या मानाने उंची जास्त भरली. 2006 ते 2016 या काळात देशात मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला 13 ते 32 टक्के वाटा या जेवणाचा असू शकतो, असा या अभ्यासाचा हिशेब आहे. वर्षाच्या अर्थसंकल्पात हा फायदा दिसत नाही, म्हणून अंडं कापायला सोपं जातं.

धोरण शेवटच्या माणसाशी बोलत नाही, याचं एक उदाहरण तांदळातच आहे. शाळेच्या तांदळात आता शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 घातलेले दाणे मिसळतात. ते रंगाने, आकाराने किंचित वेगळे दिसतात, आणि 'प्लॅस्टिकचा तांदूळ' अशी अफवा अनेक राज्यांत पसरली. तांदूळ नीट निवडणारी बाई ते दाणे खडा समजून वेचून बाजूला टाकते. तिला कुणी समोर बसून सांगितलेलं नसतं, की पंडुरोगावर सरकारने काढलेला उपाय तो हाच. तिला प्रशिक्षणाचा दिवस द्या आणि त्या दिवसाची मजुरी द्या. बारा महिन्यांचा पगार किमान वेतनाशी जोडा, मोड आणण्याचे तास कामाच्या तासांत धरा, अंड्याचा आणि केळ्याचा खर्च पुन्हा तिजोरीतून करा, आणि 6 रुपये 78 पैसे दर वर्षी बाजारभावाप्रमाणे वाढवा. पंधरा पाककृतींचा तक्ता त्यानंतर भिंतीवर लावा.