चिठ्ठी डॉक्टरची, चाचणी ट्रकचालकाची

अमेरिकेत व्यावसायिक परवान्यावर अवजड ट्रक चालवणाऱ्यांची लघवी पाच गटांसाठी तपासतात: गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, पीसीपी आणि अफूवर्गीय औषधं. १ जानेवारी २०१८ पासून ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही डॉक्टर लिहून देतात ती वेदनाशामकंही या शेवटच्या गटात आली.

मग शस्त्रक्रियेनंतर अशी गोळी घेणाऱ्याची नोकरी जाते का? लगेच नाही. प्रयोगशाळेचा अहवाल मालकाआधी ‘मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर’कडे जातो. हा डॉक्टर चालकाशी स्वतः बोलतो, चिठ्ठीची खातरजमा करतो आणि ती खरी निघाली तर ‘निगेटिव्ह’ कळवतो. आजारी माणसाला नशेबाज ठरू न देणारी ही पायरी फार मोलाची आहे. मात्र औषधामुळे रस्त्यावर धोका संभवतो असं या ऑफिसरला वाटलं, तर चालकाच्या डॉक्टरने संपर्क साधावा म्हणून पाच कामकाजाचे दिवस दिले जातात. त्यामुळे ‘मी ट्रक चालवतो’ हे डॉक्टरला आधीच सांगितलेलं बरं. चालकाचं काम लक्षात घेऊनच औषध द्यावं, असं नियमही सांगतो.

गांजाला ही सवलत नाही. राज्याने औषधी वापराला परवानगी दिली असली तरीही. गांजाच्या वर्गातल्या झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलाची सबबही चालत नाही.

चाचणी पॉझिटिव्ह ठरली की गाडी तत्काळ सोडावी लागते आणि २०२० पासूनच्या ‘क्लिअरिंगहाउस’ या केंद्रीय नोंदवहीत नोंद होते. नोव्हेंबर २०२४ पासून अशा चालकाचा व्यावसायिक परवानाही राज्य काढून घेतं. परतायचं तर तज्ज्ञाकडून मूल्यमापन, उपचार आणि नवी चाचणी.