अंगणवाडीतल्या खाऊवर तुमच्या मुलाचा हक्क किती?

हिंगोली जिल्ह्यातलं हट्टा असो की मुंबईतली वस्ती, अंगणवाडीतला आहार ही मेहेरबानी नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क आहे.

काय मिळतं?
3 ते 6 वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण. 6 महिने ते 3 वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार.

गडबड कुठे होते?
पाकीट घरी आलं की सगळेच खातात, बाळाचा वाटा घटतो. शिवाय हा आहार 'पूरक' आहे. घरचं वरण, भाजी, अंडं हवंच.

काय तपासाल?
दर महिन्याचं वजन. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण. लगेच सेविकाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा.